चिमणीगाठ

५ ऑक्टोबर, तैशो राजवटीचं नववं वर्ष

पोचले एकदाची! आगगाडी, मग घोडागाडी, आणि शेवटचे साडेतीन तास पायपीट, तीही पाठीवर गोफ विणायचा गोल पाट बांधून. क्योतोहून निघताना सासूबाईंनी बजावलं होतं की तांबा प्रांतातल्या डोंगरात अस्वलं असतात, बाईमाणसाने एकटीने जाऊ नये. मला एकही अस्वल भेटलं नाही. भेटलं असतं तर पाट त्याच्याच पाठीवर दिला असता.

कागेनो देवस्थान मला वाटलं होतं त्याहून लहान आहे. ओढ्यावरचा पूल ओलांडला की जुनी लाकडी कमान, तिच्यावर गवताचा जाड पवित्र दोर. आत शिरल्यावर डाव्या हाताला हात-तोंड धुवायची दगडी कुंडी, उजव्या हाताला स्वयंपाकघर, समोर देऊळ. बस, संपलं. माणसंही दोनच. मुख्य पुजारी तोकिएदा, वय पन्नाशीचं, बोलणं असं की जणू प्रत्येक शब्दाला जकात भरावी लागते. आणि ओकुमेआजी, बासष्ट वर्षांच्या, कमरेत वाकलेल्या, तोंडाच्या फटकळ. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, अगं पोरी, वारा आला तर उडून जाशील, आणि तू देवाचं गाठोडं बांधणार? आधी जेव. मग अळंबी घातलेला भात, मिसोचं गरम सार आणि मुळ्याचं लोणचं पुढ्यात आलं. मी तीन वाट्या खाल्ल्या, तेव्हा कुठे त्यांचा चेहरा सैल झाला.

काम महिन्याभराचं. अकरा नोव्हेंबरला निघायचं, तेराला घरी. पंधराला माझ्या चिझुचा सातव्या वर्षाचा सोहळा आहे. त्या दिवशी मुलीच्या किमोनोला शिवलेले लहानपणाचे बंद जातात आणि पहिल्यांदा मोठ्या बायकांसारखा ओबीचा रुंद पट्टा कमरेला चढतो. तो मीच बांधणार, असं तिने करंगळीत करंगळी अडकवून माझ्याकडून कबूल करून घेतलंय. आजीने बांधलेला चालणार नाही म्हणाली. मागच्या हिवाळ्यात तापाच्या साथीत तिचा बाप गेला, तेव्हापासून ती प्रत्येक गोष्ट कबूल करून घेते. ओबीवर बांधायला लाल-पांढऱ्या रेशमाचा गोफ इथेच फावल्या वेळात विणीन.

७ ऑक्टोबर

आज देवळाच्या गाभाऱ्यात पहिल्यांदा गेले. चार चटया मावतील एवढी खोली, खिडकी नाही, उजेड दारातून येईल तेवढाच. देवावर श्वास पडू नये म्हणून तोंडाला पांढरं फडकं. मधोमध चौथऱ्यावर जरीच्या पिशवीत देवाची पेटी. पिशवीचं तोंड चुण्या घालून मिटलेलं आणि त्याला गोफाची गाठ. गोफ पन्नास वर्षांचा, बोट लावलं तर भुकटी होतेय. मी नवा विणायचा, नवी गाठ मारायची. नवं रेशीम ताणलं जातं, म्हणून तीस दिवस रोज सकाळी गाठ सोडून पुन्हा आवळायची. एकदा गोफ मुरला की माझं काम संपलं.

आमच्या धंद्यात अशा गाठीला मोहोरगाठ म्हणतात. कुलूप नाही, किल्ली नाही. पण बांधणाऱ्याशिवाय दुसऱ्याला ती हुबेहूब बांधता येत नाही, म्हणून कुणी उघडलं की लगेच कळतं. तोकिएदांनी एकच नियम सांगितला, आणि दोनदा सांगितला. गाठ नवी हवी, माझ्याखेरीज कुणाही जिवंत माणसाला ठाऊक नसलेली. आणि काम पुरं होईपर्यंत कमानीवरच्या दोराबाहेर जायचं नाही.

पेटीत काय आहे ते विचारायची सोय नाही, पण ओकुमेआजींना न विचारताही सांगायची हौस आहे. सम्राटाच्या तीन पवित्र वस्तू, आरसा, तलवार आणि मणी, या आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतात आणि पाहिलेल्या कुणीच नसतात. प्रत्यक्ष सम्राटालाही उघडून दाखवत नाहीत म्हणे. आजी म्हणाल्या, मूळ आरसा मोठ्या देवस्थानात, त्याच्यावरून घडवलेला दुसरा राजवाड्यात, हे सगळं जग जाणतं. पण दुसरा घडवताना कारागिराने दोन्ही आरसे समोरासमोर ठेवले होते. काम झाल्यावर दोन्ही उचलले, तर मधे तिसरा उरलेला! तो कुणी घडवलाच नव्हता. तो कुठे ठेवायचा, सांग बघू? मी हसले. दारातून तोकिएदांनी फक्त एवढंच म्हटलं की भात करपतोय.

१२ ऑक्टोबर

नवा गोफ पूर्ण झाला. सोळा पदरी, जांभळा, हाताला सापासारखा गार. आज तो पिशवीला चढवला.

एक गोष्ट इथे लिहून ठेवते, दुसऱ्या कुणाला सांगायची नाही. काल दिवसभर मी पाच नव्या गाठी मारून बघितल्या, एकही मनास येईना. कुठे पोट सुटलेलं, कुठे नाक नकटं. आज गाभाऱ्यात बसले, बोटं गारठली होती, आणि हातांनी आपसूक चिमणीगाठ मारली. दोन बाजूंना दोन पंख, मधे गोल पोट आणि उजवीकडे वळलेली चोच. मीच रचलेली गाठ आहे ती, चिझुसाठी. रोज सकाळी तिच्या कमरेला मी हीच बांधते आणि संध्याकाळी ती स्वतः सोडते. दोन छोटे हिसके, मग एक लांब ओढ, आणि चिमणी भुर्र. जांभळ्या गोफात ती इतकी देखणी दिसली की सोडवेना.

तोकिएदांनी विचारलं, ही फक्त तुम्हालाच ठाऊक ना, मिसाओसान? मी हो म्हणाले. खोटं बोलले. सहा वर्षांच्या पोरीला कोण मोजतं, अशी स्वतःची समजूत घातली.

संध्याकाळी चिझुचं पत्र आलं. लिहितेय, आजी रोज मुळा देते. चिमणी मला आता डोळे मिटूनही सुटते. ओबी तूच बांधायचास, विसरू नको. स्वतःच्या नावातलं पहिलं अक्षर नेहमीप्रमाणे उलटं काढलंय, बाकीची सगळी सुलट. इतकं बरं वाटलं की पत्र उशीखाली ठेवलंय.

१६ ऑक्टोबर

दिवस छान बसलेत. सकाळी गाठ सोडायची, गोफ ओढून घ्यायचा, गाठ मारायची. अर्ध्या तासाचं काम. मग उन्हात पाट मांडून चिझुचा गोफ. वजनाची रिळं एकमेकांवर टकटक वाजतात आणि आजी मुळे वाळत घालता घालता तोंड चालवतात. तुझा गोफ पाहून मलाही लग्न करावंसं वाटतं, पण या वयात सासू कुठून आणू, म्हणाल्या.

त्यांची एक खोड लक्षात आलीय. दगडी कुंडीजवळून जाताना त्या दरवेळी लाकडी पळीने पाणी ढवळतात. धुवायचं नसलं तरी. मी चिडवलं की पाण्याला फोडणी देताय का. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, पाणी स्थिर झालं की त्यात काहीबाही दिसतं, आणि मला आता चष्म्याशिवायही फार दिसतं.

१९ ऑक्टोबर

आज सकाळी गाभाऱ्यात गेले तर चिमणीची चोच डावीकडे.

आधी कळेना काय चुकतंय. पंख बरोबर, पोट बरोबर, आवळलेलीही तितकीच. फक्त डावं ते उजवं. मी आयुष्यात डाव्या चोचीची चिमणी मारलेली नाही, मारू म्हटलं तरी जमणार नाही. काल झोपेत होते की काय? तोकिएदांना सांगावं तर दुसरं कुणी हात लावलाय असं होईल, आणि मग गाठ आणखी कुणाला ठाऊक आहे हा प्रश्न येईल. गुपचूप सोडली आणि सरळ बांधली. सोडताना गोफ किंचित ऊन लागला. कुणाच्या मुठीतून नुकताच सुटावा तसा.

२० ऑक्टोबर

पुन्हा डावीकडे. पुन्हा सोडून बांधली.

स्वयंपाकघरात आले तर आजींच्या हातून वाटी सुटली. माझ्या गळ्याकडे बोट दाखवून ओरडल्या, काय गं, मेलीस का काय? खाली पाहिलं, तर किमोनोचा उजवा पदर वर, डावा खाली. असा पदर फक्त प्रेताला घालतात. गेल्या हिवाळ्यात नवऱ्याला मी याच हातांनी घातला होता, आणि तेव्हाही हात चुकले नव्हते. जिवंत माणूस चुकूनही असं नेसत नाही. आंघोळीहून आलेलं पोरही नाही. मी घाईघाईने पदर बदलला आणि थट्टेवारी नेलं. आजींनी नेलं नाही.

२३ ऑक्टोबर

आज आजींनी स्वतःहून सांगितलं. चुलीपाशी, माझ्याकडे न बघता.

पन्नास वर्षांपूर्वी गोफ बदलायला ओत्सुहून योने नावाची बाई आली होती. आजी तेव्हा बारा वर्षांच्या, तिला पाणी आणून देत. योनेचा नवरा सरोवरावर होडी चालवायचा. त्याची होडी बांधायची गाठ तिने देवाला बांधली आणि हसत हसत आजींना सांगितलं, आतला म्हातारबुवा देव पळून जाऊ नये म्हणून मी नवऱ्याचीच गाठ मारलीय, ती वादळातही सुटत नाही. महिन्याने ती निघाली. आजी पुलापर्यंत पोचवायला गेल्या. पुलावर दिसलं की तिचा उजवा पदर वर आहे. घाईत चुकली असेल म्हणून गप्प राहिल्या.

हिवाळ्यात नवऱ्याचं पत्र आलं. घरी आलेली बाई डाव्या हाताने जेवते. कमरेला माझीच होडीची गाठ उलटी मारते आणि रोज मला म्हणते, सोड. मी सोडत नाही. काय करू? तेव्हाच्या पुजाऱ्यांनी, तोकिएदांच्या वडिलांनी, उत्तर पाठवलं नाही. वसंतात दुसरं पत्र आलं, शेजाऱ्याच्या हातचं. योने पहिल्यासारखी झालीय, पण रात्रंदिवस रडते. होडीवाला मात्र घरातून नाहीसा झालाय. चपला दारातच. बुडाला म्हणावं तर होडी बांधलेली.

मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत? म्हणाल्या, तू गाठ कुणाला शिकवली नसशील तर तुला कशाला घाबरवू? मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि परत मुळे चिरायला लागल्या.

२४ ऑक्टोबर

तोकिएदांना आडून आडून विचारलं, नियम कशासाठी आहे. त्यांनी आधी दार ओढून घेतलं. मग म्हणाले, गाठ एकट्यालाच ठाऊक असली की तिला एकच बाजू असते. दुसऱ्याला ठाऊक झाली की दुसरी बाजू तयार होते. आणि दुसऱ्या बाजूने कुणी बांधायला लागलं, तर जो ती सोडतो तो तिकडे जातो, मिसाओसान.

खरं सांगायला तोंड उघडलं होतं मी. पण सांगितलं तर काम जाणार, क्योतोत नाव जाणार, गोफाच्या कारखान्यात पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही, असले हिशेबी विचार आले. मी आभार मानून उठले. लाज वाटते. गेले सहा दिवस रोज सोडलीय मी ती डाव्या चोचीची. आपल्या हाताने.

२६ ऑक्टोबर

आज चिमणी मारलीच नाही. अगदी नवी गाठ, नऊ वेढ्यांची, आत्ता रचलेली. वेढ्यांचा क्रम मी स्वतःही लक्षात ठेवला नाही. आता बघू.

२७ ऑक्टोबर

चिमणी आहे. चोच डावीकडे.

हात लावला नाही. तशीच ठेवून बाहेर आले. ठरवलंय, आता सोडायचीच नाही.

२९ ऑक्टोबर

सोडली नाही तरी थांबत नाही. उशीर झालाय बहुतेक.

आजी आज डाव्या हाताने जेवल्या. मी काही बोलले की माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून मान हलवतात. अंगणात उभी राहून मी कमानीकडे पाठ केली. कुंडी माझ्या उजव्या हाताला. स्वयंपाकघर डाव्या हाताला. तीन वेळा देवळात जाऊन पुन्हा अंगणात आले. तसंच.

चिझुचं पत्र उशीखालून काढलं. सगळी अक्षरं उलटी झालीत. तिने उलटं काढलेलं तेवढं एकच अक्षर आता सुलट आहे.

ते पाहून मात्र मी मोठ्याने रडले. या वहीची मागची पानंही मला वाचता येत नाहीत.

३१ ऑक्टोबर

नियम गेला खड्ड्यात. सकाळी बोचकं बांधलं, पाट टाकून दिला, दोराखालून बाहेर पडले. पूल ओलांडला. उतार, वळण, देवदारांची रांग, पुन्हा वळण. मग पूल. मग कमान. समोर देऊळ.

परत फिरले. पाच वेळा. पाचही वेळा उतरतच गेले, एक पाऊल चढले नाही, आणि इथेच आले.

चिझुचा गोफ बोचक्यात आहे. तो उलट्या पिळाचा झालाय.

२ नोव्हेंबर

कुणी नाही.

चुलीत विस्तव आहे, भांड्यात भात आहे, चहा गरम आहे. आजी नाहीत. तोकिएदा नाहीत. हाका मारून घसा बसला. भाताला चव नाही, कागद खाल्ल्यासारखं. पाखरं नाहीत, ओढा दिसतो पण वाजत नाही. एवढ्या शांततेत आजींच्या टोमण्यांची आठवण येते. एक टोमणा ऐकायला काहीही देईन.

५ नोव्हेंबर

गाभाऱ्यात पेटीच्या मागे एक दोर लोंबतोय. माझ्या बाजूला तो कधीच नव्हता. त्यावर गाठी. दिवसाला एक, अशा असाव्यात.

वरच्या शंभरेक बारीक, नेटक्या, धंद्यातल्या बाईच्या हाताच्या. योनेच्या.

त्यानंतर एकदम जाड, ओबडधोबड. होडीवाल्याच्या. त्या हजारो आहेत. दोर खोलीभर पसरलाय, वेटोळी घालून. शेवटी शेवटी गाठी सैल होत गेल्यात, आणि शेवटची अर्धीच मारलेली आहे.

म्हणजे असं झालं. तिकडे त्याने गाठ सोडली, तेव्हा योने सुटली. आणि तो इथे आला. त्याच्यासाठी ती गाठ सोडायला मग कुणीच आलं नाही.

माझी गाठ जाणणारं एकच माणूस आहे. सहा वर्षांचं.

८ नोव्हेंबर

कुंडीतलं पाणी इथे कुणी ढवळत नाही. आज वाकून पाहिलं. पाण्यात माझं तोंड नाही. पाण्यात अंगण आहे, आणि अंगणात माणसं! ओकुमेआजी मुळे उलटताहेत, काहीतरी बोलून हसताहेत. शेजारी पाटावर बसून कुणीतरी लाल-पांढरा गोफ विणतंय. माझा निळा किमोनो. माझी मान. रिळं डाव्या हाताने फिरताहेत.

मागे वळले. अंगण रिकामं.

पाण्यात हात घातला. गार. तळाला दगड. बस.

११ नोव्हेंबर

ती निघाली.

सकाळपासून कुंडीवर वाकून बसलेय. तोकिएदांनी तिला कमरेत वाकून निरोप दिला. तिच्या बोचक्याच्या तोंडाशी चिझुचा गोफ दिसत होता, सरळ पिळाचा, माझ्या हातचा, तिने पुरा केलेला. किमोनोचा उजवा पदर वर. आजींनी पाहिलं. एक क्षण थबकल्या. मग हसून काहीतरी म्हणाल्या आणि स्वतःच्या हाताने तिचा पदर नीट केला. पोरीची वेणी घालावी तसा मायेने.

पूल ओलांडून ती दिसेनाशी झाली. आजी एकट्याच परत आल्या. कुंडीपाशी थांबल्या. खाली पाहिलं.

मला पाहिलं त्यांनी. नक्की पाहिलं. माझ्या डोळ्यांत पाहिलं. मी ओरडले, आजी, चिझुला कळवा, पत्र टाका, तिने गाठ सोडू नये एवढंच कळवा—

ओठ हलले त्यांचे. माफ कर पोरी, असं असावं.

मग पळी उचलली आणि पाणी ढवळलं.

१३ नोव्हेंबर

आज ती घरी पोचली असेल. सासूबाईंनी हात-पाय धुवायला गरम पाणी दिलं असेल. चिझु गळ्यात पडली असेल—

दोराला गाठ मारली नाही. मारणार नाही.

१४ नोव्हेंबर

एक विचार आला. खोटं कशाला लिहू, आला.

चिझुने सोडली तर मी घरी.

पुरता एक तास तो विचार मनात होता. घरचं जेवण, आवाज, माणसं. मग तिचा चेहरा इथे, या अंगणात, हाक मारताना— भाताला चव नाही, तिला तर मुळाही नको असतो—

नाही.

१५ नोव्हेंबर

पहाटेपासून पेटीसमोर बसलेय. तोंडाला फडकं नाही. कसला आता सोवळेपणा.

गाठ हलली.

दोन छोटे हिसके.

चिझुच ती. असं ओढणारं दुसरं कुणी नाही. नवा ओबी बांधला असेल, उलटा की सुलट, कुणी बांधला देव जाणे, आणि ती बाई स्वतःच्या कमरेला उलटी चिमणी मारून तिच्या पुढ्यात उभी असेल. सोड बघू चिमणी, म्हणत असेल. माझ्या आवाजात—

मुठीत घट्ट धरलीय गाठ. एका हाताने धरतेय, दुसऱ्याने लिहितेय. लिहितेय कारण कुणाशी तरी बोलायला हवं.

थांबली.

पुन्हा. दोन हिसके. जोर वाढलाय पोरीचा, मोठी झालीय माझी—

चिझु, नको. आईचं ऐक. आज एकच दिवस हट्ट कर, सांग तिला सुटत नाही, रड, आजीला बोलाव, पण—

गोफ तापलाय. एक पंख सैल झाला.

आता लांब ओढ येईल. नेहमी येते. ती एका हाताने नाही थोपवता येणार, दोन्ही हात लागतील, आणि सोडायचे नाहीत, उद्याही नाही, परवाही नाही, ती विसरेपर्यंत— कुंचला खाली ठेव